४८ येईपर्यंत मोजा

कांद्याच्या मुळाचं प्रॅक्टिकल ज्यांनी केलंय, त्यांना तो व्हिनेगरसारखा आंबूस वास आठवत असेल. पाण्याने भरलेल्या बाटलीच्या तोंडावर कांदा बसवायचा. दोन-तीन दिवसांत पांढरी मुळं फुटली की त्यांची टोकं ब्लेडने कापायची, ॲसिटोकार्माइनच्या लाल रंगात ठेवून किंचित तापवायची, काचपट्टीवर घेऊन वर कव्हरस्लिप ठेवायची आणि टिपकागदावरून अंगठ्याने दाबायचं. दाब कमी पडला तर पेशी एकीवर एक चढलेल्या, जास्त पडला तर कव्हरस्लिपचा चुरा. एवढ्या उपद्व्यापानंतर सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायचा आणि गुणसूत्रं मोजायची. कांद्याची गुणसूत्रं १६.

मी मोजली तेव्हा १४ भरली. दुसऱ्या पेशीत १५. शेजारच्याला विचारलं, तुझी किती? तो म्हणाला, "सोळा. अजून मोजली नाहीत." जर्नलमध्ये आम्ही झाडून सगळ्यांनी १६ लिहिलं, पेन्सिलीने सुबक आकृती काढली आणि सरांनी लाल शाईत सही केली.

पुढे बऱ्याच वर्षांनी कळलं की हेच प्रॅक्टिकल जगभरच्या जीवशास्त्रज्ञांनी तीस वर्षं केलं होतं. फक्त कांद्याच्या जागी माणूस होता.

माणसाच्या पेशीत ४६ गुणसूत्रं असतात, हे आज शाळकरी पोरही सांगेल. पण १९२३ ते १९५५ या काळात तुम्ही कुठलंही पाठ्यपुस्तक उघडलं असतं तर त्यात ४८ हा आकडा दिसला असता. शंका असलेला, कंसात प्रश्नचिन्ह असलेला असा नव्हे. पृथ्वीला एक चंद्र आहे म्हणावं तसा, ठाम. आणि हा आकडा कुणी न बघताच ठोकून दिला होता असंही नाही. लोक मोजत होते, मोजून ४८ लिहीत होते. खरी गंमत इथेच आहे.

आधी हे मोजणं इतकं अवघड का होतं ते पाहू. गुणसूत्रं सुटी सुटी दिसतात ती फक्त पेशी विभागत असताना, तीही थोडाच वेळ. त्या काळची पद्धत अशी, की ऊतीचा तुकडा रसायनात मुरवायचा, मेणात बसवायचा आणि त्याचे पातळ काप काढायचे. सुरीखाली कधी पेशीच अर्धी कापली जाई आणि काही गुणसूत्रं पुढच्या कापात जात. उरलेली एकमेकांवर पडलेली, शेवयांच्या गुंत्यासारखी. इथे एक वाकडं गुणसूत्र आहे की दोन सरळ एकमेकांना टेकलीत, हे बघणाऱ्याने ठरवायचं. म्हणजे मोजणी अर्धी आणि अंदाज अर्धा. बेल्जियममध्ये काम करणाऱ्या हान्स फॉन विनिवार्टर यांनी १९१२ साली पुरुषात ४७ आणि स्त्रीत ४८ असा निकाल दिला होता.

मग आले टेक्सास विद्यापीठाचे थिओफिलस पेंटर. त्यांचं साहित्य होतं टेक्सासच्या मनोरुग्णालयातल्या तीन पुरुषांची शस्त्रक्रियेने काढलेली वृषणं. आज हे वाचताना अंगावर काटा येतो. पण ऊती ताज्या होत्या आणि पेंटर कामाचा माणूस होता. माणसात वाय गुणसूत्र असतं हे त्यांनी दाखवलं. १९२१ साली त्यांनी प्राथमिक टिपण छापलं, त्यात ते प्रामाणिकपणे सांगतात की मोजणी ४५ ते ४८ च्या दरम्यान येते आहे, आणि सगळ्यात स्पष्ट दिसलेल्या पेशींत मात्र ४६ च सापडली.

सगळ्यात स्पष्ट पेशींत ४६! उत्तर हातात होतं. दोन वर्षांनी सविस्तर निबंध आला, त्यात आकडा होता ४८.

पेंटरना मूर्ख ठरवणं सोपं आहे, पण तसं करू नये. फळमाशीच्या लाळग्रंथीतली अवाढव्य गुणसूत्रं आनुवंशिकीच्या कामाला जुंपली ती त्यांनीच, १९३३ मध्ये. धूसर कापांत गुणसूत्रं हरवतात हे त्यांना माहीत होतं. तेव्हा कमी भरली तर काहीतरी सुटलं असेल, असं मानणं त्यांना स्वाभाविक वाटलं असणार. बाकी हा माणूस पुढे विद्यापीठाचा अध्यक्ष झाला आणि कृष्णवर्णीय विद्यार्थ्याला विधी महाविद्यालयात प्रवेश नाकारल्याच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात प्रतिवादी म्हणून त्याचं नाव कायमचं कोरलं गेलं, पण ती गोष्ट वेगळी.

पेंटरनंतर जे मोजायला बसले, त्यांचं मला जास्त नवल वाटतं. नदी ओलांडलेल्या दहा जणांची गोष्ट आपल्याकडे सांगतात. पैलतीरावर पोचल्यावर जो तो मोजतो आणि स्वतःला धरायचं विसरतो. मग नऊच भरले म्हणून सगळे गळा काढतात. इथे उलटं झालं. जे नव्हते ते दोघं दरवेळी मोजणीत धरले गेले.

याचा कळस टेक्सासमध्येच, गॅल्व्हस्टनला झाला. ताओ-च्यु श्यू हा तरुण संशोधक मानवी भ्रूणाच्या प्लीहेच्या पेशी प्रयोगशाळेत वाढवत होता. एके दिवशी सूक्ष्मदर्शकात बघतो तर गुणसूत्रं कशी मस्त सुटी, पानावर वाढल्यासारखी पसरलेली! पुन्हा करून बघितलं तर जमेना. काही महिने डोकेफोड केल्यावर उलगडा झाला. पेशी धुवायचं मिठाचं पाणी कुणीतरी चुकून पातळ बनवलं होतं. शाळेत परासरण शिकताना मनुका पाण्यात टाकून फुगवतात ना, तेच. पातळ द्रावणातलं पाणी पेशीत शिरतं, पेशी टरारून फुगते आणि आतली गुणसूत्रं एकमेकांपासून दूर सरकतात. हे पाणी कुणी बनवलं होतं ते कधीच कळलं नाही. त्या अनाम हाताचे आनुवंशिकीवर केवढे उपकार आहेत.

श्यूने १९५२ साली ही पद्धत प्रसिद्ध केली. तोवर कुणाच्याही नशिबी आली नव्हती अशी सुरेख गुणसूत्रं त्याच्यासमोर होती. त्याने मोजली आणि लिहिलं: ४८.

मोजताना काय होत असेल? मला वाटतं, फार काही नाही. ४६ भरली की माणूस म्हणतो, थांब, दोन कुठेतरी दडलीत. परत बघतो, एखादं वाकडं गुणसूत्र दोन म्हणून धरतो. तरीही ४६ च येत असतील तर ही पेशी बिघडलेली, पुढची घे. आणि ४८ भरली की? मान वर करतो, वहीत लिहितो, चहाला जातो. ४८ ची फेरतपासणी कुणीच करत नाही. खोटेपणा कुठेच नाही, पण काटेकोरपणा सगळा एकाच बाजूला. बाबावाक्यं प्रमाणम् म्हणताना आपल्या डोळ्यांपुढे डोळे मिटून मान डोलावणारे भक्त येतात. इथे डोळे उघडे होते, सूक्ष्मदर्शकाला चिकटलेले होते.

हा फास सुटला स्वीडनमधल्या लुंड गावात. जो हिन चिओ मूळचा जावा बेटावरचा, चिनी वंशाचा, शेतीशास्त्र शिकलेला. दुसऱ्या महायुद्धात जपान्यांच्या कैदेत त्याने हाल सोसले. नंतर तो स्पेनमधल्या झारागोझाला वनस्पतींच्या गुणसूत्रांवर काम करायचा आणि सुट्ट्यांत लुंडला अल्बर्ट लेव्हान यांच्या प्रयोगशाळेत येऊन बसायचा. हे लेव्हानही मूळचे वनस्पतींचेच. १९३८ साली त्यांनी कोल्चिसिनचा परिणाम तपासला होता, तोही कशावर, तर कांद्याच्या मुळांवर.

कोल्चिसिन म्हणजे गाउटवरचं जुनं औषध. आपल्याकडे पावसाळ्यात कुंपणांवर लाल-पिवळ्या ज्वाळांसारखी फुलं घेऊन चढणारी कळलावी असते ना, तिच्या विषारी कंदातही ते असतं. विभाजनाच्या वेळी गुणसूत्रं ओढून नेणारे तुर्कतंतू कोल्चिसिन बनूच देत नाही. त्यामुळे गुणसूत्रं ऐन मोजण्याजोग्या अवस्थेत अडकून राहतात, शिवाय आखूड आणि जाड होतात. लुंडमध्ये या सगळ्याची गाठ पडली: भ्रूणाच्या फुफ्फुसातल्या, बाहेर वाढवलेल्या पेशी, कोल्चिसिनचा डोस, श्यूचं पातळ पाणी, आणि शेवटी कव्हरस्लिपवर अंगठ्याचा दाब. काप काढायचेच नाहीत, त्यामुळे सुरीखाली काही हरवायचा प्रश्नच नाही.

२२ डिसेंबर १९५५ च्या रात्री चिओने मोजली. ४६. दुसऱ्या पेशीत ४६. तिसऱ्या, चौथ्या, विसाव्या पेशीत ४६.

चिओ काही ४८ ला सुरुंग लावायला बसला नव्हता. प्रस्थापिताला आव्हान देणारा बंडखोर वगैरे रंगवायला बरं असतं, पण त्याची शंका आली ती स्लाइड चांगली झाल्यामुळे. आणि माझा तर्क असा, की वनस्पतींवर काम केल्याचाही हात त्यात असणार. तिथे दर जातीगणिक गुणसूत्रांची संख्या वेगळी असते, त्यामुळे दरवेळी कोऱ्या पाटीने मोजायची सवय लागते.

शितावरून भाताची परीक्षा चिओ आणि लेव्हान यांनी केली नाही. चार भ्रूणांतल्या अडीचशेहून अधिक पेशी मोजल्या आणि १९५६ च्या सुरुवातीला निबंध छापला. त्यातलं शेवटचं विधानही किती जपून केलेलं आहे! माणसाच्या वृषणातल्या पेशी पुन्हा नीट तपासल्याशिवाय आम्ही सरसकट काही म्हणू इच्छित नाही, पण आमच्या निरीक्षणांचा सरळ अर्थ ४६ हाच दिसतो, अशा आशयाचं. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये हार्वेलच्या फोर्ड आणि हॅमर्टन यांनी वृषणातल्या पेशी तपासल्या आणि २३ जोड्या मोजल्या. प्रश्न मिटला. समाजमाध्यमांवर हल्ली 'प्रत्येक गोष्टीवर शंका घ्या' म्हणणाऱ्यांचा सुकाळ आहे, त्यांच्यापैकी कितीजण अडीचशे वेळा मोजतील कोण जाणे. चिओ आणि लेव्हान यांनी पेंटरच्या आकड्यावर घेतली त्याहून जास्त शंका स्वतःच्या आकड्यावर घेतली.

चिओ-लेव्हान यांच्या निबंधात जाता जाता आलेलं एक वाक्य मला विसरता येत नाही. त्याआधीच्या वर्षी स्वीडनमध्येच काही सहकाऱ्यांनी मानवी भ्रूणाच्या यकृतातल्या पेशी तपासायला घेतल्या होत्या, आणि ते काम त्यांनी मध्येच थांबवलं. कारण? सगळी ४८ गुणसूत्रं काही केल्या सापडेनात. वारंवार ४६ च येत होती.

मी जर्नलमध्ये १६ लिहिलं होतं तेव्हा निदान १६ बरोबर तरी होतं.

दोन गुणसूत्रांनी एवढं काय बिघडलं, असं वाटेल. १९५९ साली पॅरिसमध्ये लज्यून, गोतिए आणि त्युर्पां यांनी डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांच्या पेशीत ४७ गुणसूत्रं असल्याचं दाखवलं, २१ क्रमांकाचं एक जास्त. आता विचार करा, ४८ च बरोबर मानली असती तर हीच ४७ 'एक कमी' वाटली असती, आणि शोध सुरू झाला असता तो नसलेल्या हरवलेल्या गुणसूत्राचा. त्याच वर्षी टर्नर सिंड्रोम या जन्मजात विकारात ४५ आणि क्लाइनफेल्टर सिंड्रोम या दुसऱ्या विकारात ४७ गुणसूत्रं सापडली. तीस वर्षं अडलेलं दार उघडल्यावर तीन वर्षांत हे घडलं.

४८ हा आकडा तसा आपल्या भाऊबंदांतलाच निघाला. चिंपांझी, गोरिला, ओरांगउटान, तिघांचीही गुणसूत्रं ४८. मग आपली एक जोडी गेली कुठे? ती गेली नाही, चिकटली. आपलं २ क्रमांकाचं गुणसूत्र म्हणजे पूर्वजांची दोन गुणसूत्रं टोकाला टोक लागून झालेलं एक. गुणसूत्राच्या टोकांवर असते ती खास डीएनएची खूण या गुणसूत्राच्या मधोमध भागात, सांध्यावर, १९९१ साली सापडली. दोघांचीही ४८ च मानत राहिलो असतो, तर जोडी कुठे गेली हा प्रश्न कुणाला पडला नसता.