सूक्ष्मदर्शक

नुसत्या डोळ्यांना न दिसणारे बारकावे मोठे करून दाखवणारे भिंगांचे उपकरण, प्रचारात मायक्रोस्कोप. वस्तू मोठी दाखवणे लवकर जमले, ती स्वच्छ दाखवायला मात्र दोन शतके लागली.

रॉबर्ट हुकने १६६५ मध्ये बुचाच्या पातळ कापातले पेशींचे कप्पे प्रसिद्ध केले. त्याचा सूक्ष्मदर्शक संयुक्त, म्हणजे एकाहून अधिक भिंगांचा होता. काचेतून जाताना प्रत्येक रंग वेगळ्या कोनात वळतो. त्यामुळे कडांना रंगीत झालर येई आणि पुढचे भिंग तीही मोठी करी. नेदरलँड्समधल्या डेल्फ्टचा लेव्हेनहूक एकाच इवल्या भिंगातून पाहत असे. उत्रेख्तला जपलेले त्याचे एक भिंग सुमारे २७० पट वर्धन करते. जिवाणूंचे वर्णन त्याने १६७६ च्या पत्रात केले. पुढे दोन जातींच्या काचा जोडून रंगदोष आटोक्यात आला आणि १८३० मध्ये जोसेफ जॅक्सन लिस्टरने भिंगजोड्यांमधले अंतर नेमके कसे ठेवावे ते दाखवले. साध्या प्रकाशात सुमारे ०.२ मायक्रोमीटरहून जवळचे बिंदू सुटे दिसत नाहीत; ही मर्यादा जर्मन भौतिकशास्त्रज्ञ अर्न्स्ट आबेने १८७३ मध्ये मांडली. त्यापुढे वर्धन वाढवले तर धूसरपणाच वाढतो. ही वेस १९३० च्या दशकात, प्रकाशाऐवजी इलेक्ट्रॉनांचा झोत वापरणाऱ्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने ओलांडली.

नाशिकच्या द्राक्षपट्ट्यात, निफाड-दिंडोरीकडे, फळछाटणीआधी काडीच्या डोळ्यांत (फूट येते त्या कळ्यांत) घड आहे का ते तपासतात, तेही १० ते ४० पट वर्धनाच्या स्टिरिओ सूक्ष्मदर्शकाखाली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकन जीवशास्त्रज्ञ होरेशिओ ग्रीनोच्या कल्पनेवरून जर्मनीतल्या येनाच्या झाइस कारखान्यात तो घडला. यात प्रतिमा सुलटी आणि खोलीसह दिसते, शिवाय भिंगाखाली सुई फिरवायला जागा उरते. संयुक्त सूक्ष्मदर्शकात प्रतिमा उलटी असल्याने सुई डावीकडे नेली की उजवीकडे सरकताना दिसते. तिथे हे काम होत नाही.

जोमदार आणि बारीक काड्यांचे नमुने वेगळे ठेवावेत आणि ओल्या फडक्यात गुंडाळून आणावेत. सुकलेल्या काडीचा डोळा आकसतो. बुडापासून डोळ्यांना क्रमांक देऊन तपकिरी खवले व कापसासारखी लव सुईने काढायची, मग नव्या ब्लेडने वरून पातळ चकत्या घ्यायच्या. बोथट ब्लेडने ऊती चेंगरते, खोल कापले तर घडच चकतीबरोबर जातो. मधल्या मुख्य कोंबाच्या बगलेत पांढुरका, फांद्या फुटलेला उंचवटा दिसला तर तो सूक्ष्मघड. मुख्य कोंब काळा पडून मेलेला असेल तर शेजारचा दुय्यम कोंब पाहावा. त्यातला घड बहुधा लहान असतो. प्रकाश वरून, तिरपा पाडावा. सरळ झोतात उंचवट्याची सावली पडत नाही आणि घड नजरेतून सुटतो.

घड पाचव्या डोळ्यापासून असतील तर छाटणी त्याच्या पुढे घ्यावी लागते. आखूड छाटल्यास वेलीवर नुसती वांझ फूट येते. घड आहे की नाही एवढेच ही तपासणी सांगते. छाटणीनंतर ढगाळ हवा, पाऊस किंवा जादा नत्रामुळे घड जिरून त्याची बाळी (वेलीचा ताणा) होऊ शकते, ते तिच्यात आधी दिसत नाही.