मराठीचा कप्पा, इंग्रजीचा कप्पा?

फॉरवर्ड येतो ना, मेंदूत प्रत्येक भाषेचा वेगळा कप्पा असतो, दुसरी भाषा शिकवली की पहिलीची जागा जाते. ऐकायला पटतं, पण तसं नाहीये. दोन्ही भाषा बऱ्याच अंशी मेंदूच्या त्याच भागांतून चालतात, म्हणून तर मेंदूच्या डाव्या बाजूला स्ट्रोक येऊन बोलणं बिघडलं की बहुतेकदा दोन्हींवर परिणाम होतो आणि बरेचदा दोन्ही बरोबरीने सुधारतात (कधी एकच आधी परत येते, तेही होतं).

घरी बघायचंय? हिरव्या स्केचपेनने 'रेड', लालने 'ब्लू', निळ्याने 'ग्रीन' असं उलटसुलट पानभर लिहा, शब्द न वाचता शाईचा रंग मराठीत भराभर सांगा, मग तेवढ्याच रंगीत ठिपक्यांचे सांगा. शब्दांना सहसा जास्त वेळ लागतो, कारण तोंडात मराठी असली तरी इंग्रजी गप्प बसत नाही, मध्येमध्ये लुडबुडतेच.