सॅन अँटोनियोतल्या ‘ऑथेंटिक मेक्सिकन’ पाटीची पार्श्वभूमी

टेक्सासमधल्या सॅन अँटोनियोत नव्याने आलेलं मराठी कुटुंब पहिल्याच महिन्यात जवळपासच्या मेक्सिकन हॉटेलात जाऊन बसतं. भात, बीन्स, पोळीसारखा टॉर्टिया, तिखट साल्सा. जीभ लगेच रुळते. मग कुणीतरी जाणता सांगतो, “हे खरं मेक्सिकन नाही हो, हे टेक्स-मेक्स.” बाहेर पाटीवर तर ‘ऑथेंटिक’ लिहिलेलं असतं. कोण बरोबर, हे ठरवण्याआधी हे दोन शब्द आले कुठून ते पाहायला हवं.

मका, टोमॅटो, मिरची तिकडची, आणि मिरची पोर्तुगीजांबरोबर गोव्यात उतरली, हे वाचकांना ठाऊक आहे. टॉर्टियाच्या पिठाबद्दल मात्र थोडं सांगावं लागेल. सुके मक्याचे दाणे चुन्याच्या पाण्यात उकळून रात्रभर तसेच ठेवतात. चुना म्हणजे आपण विड्याला लावतो तोच. सकाळी दाणे गडद पिवळे होतात आणि बोटांत चोळले की भिजवलेल्या वालांसारखी त्यांची सालं सुटतात. या दाण्यांना निश्तमाल म्हणतात. ते धुऊन पाट्यावर वाटले की ‘मासा’, म्हणजे टॉर्टियाचं ओलं पीठ, तयार. चुन्यामुळे पीठ थापता येतं, शिवाय मक्यातलं नायसिन हे जीवनसत्त्व अंगी लागतं. ही रीत न घेता नुसता मका घेऊन गेलेल्या युरोपात आणि पुढे अमेरिकेच्या दक्षिणेतल्या गरीब वस्त्यांत पेलाग्राने, म्हणजे नायसिनच्या अभावाच्या रोगाने, माणसं मेली. रीत तीन हजार वर्षांहून जुनी आहे.

डुक्कर, गाय, गहू, तांदूळ हे सारं स्पॅनिशांबरोबर, सोळाव्या शतकात आलं. म्हणजे डुकराच्या ज्या चरबीमुळे आपली शाकाहारी मंडळी बीन्सना हात लावत नाहीत, ती चरबी या स्वयंपाकात पाचशे वर्षांपूर्वी नव्हतीच. त्याआधी शिजवणं, वाफवणं, भाजणं हाच मुख्य भर होता. नुसत्या मडक्यात शिजवलेले ‘फ्रिहोलेस दे ला ओया’ हे त्या मानाने जुनं जेवण.

१८३६ मध्ये टेक्सास मेक्सिकोतून फुटला, १८४५ मध्ये अमेरिकेत गेला, १८४८ च्या तहाने रिओ ग्रांदे नदी ही सरहद्द पक्की झाली. सॅन अँटोनियोतली मेक्सिकन घरं होती तिथेच राहिली, त्यांच्या चुलीही तिथेच राहिल्या. पुढच्या वादात नेमकं हेच विसरलं जातं.

या चुलींवरचं जेवण शहराच्या चौकात आणलं ते बायकांनी. लोक त्यांना ‘चिली क्वीन्स’ म्हणत. दुपारी घरी मांस आणि मिरच्यांचा रस्सा, म्हणजेच ‘चिली’, शिजवायचा, संध्याकाळी भांडी गाडीत घालून मिलिटरी प्लाझात न्यायची, मेस्किटच्या लाकडांवर गरम ठेवायची, रंगीत कंदील लावायचे, लांब टेबलं मांडायची. दहा सेंटांत ताटली. शिपाई, गुराखी, रेल्वेने आलेले प्रवासी एकाच बाकावर बसत. १८८९ मध्ये त्या चौकात नगरपालिकेची इमारत उभी राहू लागली तेव्हा त्यांना उठून दुसऱ्या चौकांत जावं लागलं. तरी त्यांची कीर्ती एवढी की १८९३ च्या शिकागो जागतिक प्रदर्शनात ‘सॅन अँटोनियो चिली’चा स्टॉल लागला.

पैसा मात्र दुसरीकडे वळला. त्याच दशकात जवळच्या न्यू ब्राउनफेल्स गावातल्या एका जर्मन स्थलांतरिताने वाळवलेल्या आंचो मिरच्या दळून मसाल्याची बाटली बाजारात आणली. १९०० मध्ये शिकागोहून आलेल्या एका गृहस्थाने शहरात टेबलक्लॉथ घातलेलं हॉटेल काढलं आणि नावातच ‘ओरिजिनल मेक्सिकन’ घातलं. अस्सलपणाचा शब्द पाटीवर चढला तो असा. एन्चिलादा (रश्श्यात भिजवलेली टॉर्टियाची गुंडाळी), भात, बीन्स एकाच ताटात देण्याची आजची पद्धत अशाच हॉटेलांनी रूढ केली. आणि १९३७ मध्ये आरोग्य खात्याने चौकातल्या बायकांची दुकानं बंद केली. कारण दिलं उघड्यावरच्या भांड्यांचं आणि स्वच्छतेचं. दोन वर्षांनी जाळीचे तंबू घालून त्यांना परत बसू दिलं, पण ते फार टिकलं नाही; १९४० च्या दशकाच्या सुरुवातीला सगळंच संपलं. स्वच्छतेचा प्रश्न खोटा नव्हता. पण ज्यांनी शहराला हे जेवण खायला शिकवलं त्यांना नळ आणि मोऱ्या देऊन तिथेच ठेवता आलं असतं, असं मला आजही वाटतं.

आता ‘टेक्स-मेक्स’. हे मुळात एका रेल्वेचं संक्षिप्त नाव. कॉर्पस क्रिस्टी ते लरेडो धावणाऱ्या ‘टेक्सास मेक्सिकन’ रेल्वेला वर्तमानपत्रं तसं लिहीत. पुढे टेक्सासमधल्या मेक्सिकन माणसांना, त्यांच्या बोलीला, संगीताला ते चिकटलं. जेवणाला हा शब्द सर्रास लागला तो १९७० च्या दशकात, आणि त्यामागे १९७२ मध्ये आलेलं एक पुस्तक होतं. मेक्सिकोत राहिलेल्या एका ब्रिटिश लेखिकेने तिथल्या प्रांतोप्रांतीच्या पाककृती त्यात नोंदवल्या. काम मोलाचं, त्यात शंका नाही. वाहाका प्रांताचे मोले नावाचे दाट रस्से, युकातानचं केळीच्या पानातलं मांस अमेरिकन स्वयंपाकघरांत पोचलं ते त्यामुळे. पण सरहद्दीच्या उत्तरेकडच्या मिश्र थाळ्यांना तिने खऱ्या मेक्सिकन जेवणाच्या बाहेर काढलं. जाणकारांनी तीच रेघ उचलली. कालपर्यंत स्वतःला मेक्सिकन हॉटेल म्हणवणाऱ्या कुटुंबांना ‘टेक्स-मेक्स’ हा शब्द लागला, आणि बऱ्याच जणांना तो अपमानच वाटला. ‘ऑथेंटिक’च्या पाट्या वाढल्या त्या यानंतर.

ती रेघ नीट बसत नाही. नाचोज टेक्सासचे मानले जातात, पण ते १९४० च्या दशकाच्या सुरुवातीला सरहद्दीपलीकडच्या पिएद्रास नेग्रास गावी, मेक्सिकोतच, टेक्सासमधून आलेल्या अमेरिकन बायकांसाठी बनले. गव्हाचा टॉर्टिया सोनोरा या मेक्सिकन राज्याचा रोजचा. मेक्सिको सिटीची शान असलेले ‘ताकोस आल पास्तोर’ लेबनॉनहून आलेल्या लोकांच्या उभ्या सळीवरच्या शवर्मातून आले. पिवळं प्रोसेस्ड चीज मेक्सिकोचं नाही, हे खरंच. पण टेक्सासच्या बायकांनी हाताशी होतं ते वापरलं. मेक्सिकन अव्होकाडोलाच अमेरिकेने कीड येईल म्हणून १९१४ पासून बंदी घातली होती, ती १९९७ मध्ये कुठे सैल झाली.

शिवाय खुद्द मेक्सिकोत १९४९ पासून कारखान्यातलं सुकं मासा-पीठ मिळू लागलं आणि आज कितीतरी टॉर्टिया त्याचेच असतात. उलट सॅन अँटोनियोत काही गिरण्यांमध्ये अजून रात्री मका चुन्यात पडतो आणि पहाटे दगडी जात्यावर दळला जातो. म्हणून मला विचाराल तर पाटीपेक्षा टॉर्टिया हुंगून पाहावा. ओल्या मातीसारखा, किंचित चुन्याचा वास आला तर आत कुणीतरी रात्री काम केलं आहे.

गेल्या काही वर्षांत या जेवणाला मान मिळू लागला आहे. २०१० मध्ये मेक्सिकोच्या पारंपरिक स्वयंपाकाला संयुक्त राष्ट्रांच्या सांस्कृतिक संस्थेने, युनेस्कोने, मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. २०१७ मध्ये त्याच संस्थेने सॅन अँटोनियोला खाद्यसंस्कृतीचं शहर म्हणून निवडलं. २०२४ मध्ये मेक्सिको सिटीतल्या एका छोट्याशा ताकोच्या दुकानालाही मिशेलिनचा तारा मिळाला.

डिसेंबरात नाताळच्या तामालेसाठी, म्हणजे मक्याच्या सालीत गुंडाळून वाफवलेल्या मासासाठी, गिरण्यांसमोर रांगा लागतात. मासा दोन प्रकारचा मिळतो: ‘प्रेपारादा’, म्हणजे चरबी आणि मीठ मळलेला, आणि ‘सिन प्रेपारार’, म्हणजे नुसता. आपल्या शाकाहारी मंडळींनी दुसरा मागावा. घरी आणून तेल घालून मळला तरी तामाले छान फुलतात.