मुराळी नेमका कोण? कथाशास्त्रातल्या नात्यांची पार्श्वभूमी

आखाजी म्हणजे अक्षय तृतीया जवळ आली की खान्देशात निंबाला झोके बांधले जातात आणि सासुरवाशिणींचे कान दाराकडे लागतात. माहेराहून न्यायला येणारा तो मुराळी, बहुतेक वेळा भाऊच. घरी असतो तोवर तो नुसता भाऊ. बहिणीच्या सासरच्या वाटेला लागला की मुराळी. माणूस तोच, गोष्टीतलं काम बदललं. कथेची रचना अभ्यासणाऱ्यांनी याच फरकाशी बरीच वर्षं झटापट केली आहे.

नात्याचं वजन सगळ्यात आधी ओळखणाऱ्यांत ॲरिस्टॉटल येतो. शत्रूने शत्रूला मारलं तर विशेष करुणा वाटत नाही, भावाने भावावर किंवा मुलाने बापावर हात उचलला की वाटते. शोकांतिका लिहिणाऱ्याने असेच प्रसंग शोधावेत, असं त्याचं इ.स.पू. चौथ्या शतकातलं म्हणणं. आपल्याकडे नाट्यशास्त्राने वेगळी वाट धरली. त्यातल्या आठ नायिका पाहा: वासकसज्जा, खंडिता, कलहांतरिता, प्रोषितभर्तृका वगैरे. यातलं एकही नाव स्वभावाचं नाही. नायकाशी आज काय चाललंय, त्यावरून नाव पडतं. भांडून त्याला घालवला आणि मग पस्तावली की कलहांतरिता. तोच परगावी गेला की प्रोषितभर्तृका. (नायकाचे मुख्य प्रकार मात्र धीरोदात्त, धीरललित असे स्वभावावरून. हे खटकतं.)

1928 साली रशियन अभ्यासक व्लादिमीर प्रॉपने परीकथा उलगडून 31 कार्यं (गोष्ट पुढे नेणाऱ्या कृती) आणि सात भूमिका काढल्या: खलनायक, दाता, साहाय्यक, पाठवणारा, नायक, तोतया नायक आणि... राजकन्या व तिचे वडील. सातवी भूमिका दोघांची मिळून! कामांवरून बापलेकीला नीट वेगळं करता येत नाही, असं त्याने स्वतःच नोंदवलं. नाती बाजूला ठेवून केलेल्या मांडणीत एक नातं असं मागच्या दाराने आत आलं.

1955 साली फ्रेंच मानववंशशास्त्रज्ञ लेवी-स्ट्रॉसने ईडिपस या ग्रीक राजाची कथा घटनाक्रम मोडून रकान्यांत मांडली. एका रकान्यात रक्ताच्या नात्याला अवाजवी महत्त्व देणारे प्रसंग, दुसऱ्यात तेच नातं तुडवणारे. पुढे 1966 साली भाषाशास्त्रज्ञ ग्रेमासने प्रॉपच्या भूमिका आवळून तीन जोड्या केल्या: कर्ता आणि इष्टवस्तू, प्रेषक आणि प्राप्तकर्ता, साहाय्यक आणि विरोधक. इथे एकटं कुणी उभंच राहत नाही. आखाजीचं झोक्यावरचं गाणं यात चपखल बसतं: लेक कर्ता, माहेर इष्टवस्तू, मुराळी साहाय्यक, सासू विरोधक.

बसतं खरं, पण काहीतरी सुटतं. वडील गेल्यावर माहेर बदलतं. भाऊ वाईट झालेला नसतो, बहीणही तीच असते, भावजय मुद्दाम दुखवत नाही. तरी दोघांच्या मधलं काहीतरी हललेलं असतं. या ‘मधल्या’ला स्वतंत्र जागा अमेरिकेतल्या ‘ड्रामॅटिका’ या सिद्धांताने दिली. मेलनी ॲन फिलिप्स आणि ख्रिस हंटली यांनी तो मांडला. त्यावरचं सॉफ्टवेअर 1994 साली आलं. त्यांच्या मते पूर्ण कथेत चार धागे असतात: सगळ्यांना वेढणारी घडामोड, मुख्य पात्र, त्याला हलवणारं प्रभावी पात्र आणि चौथा धागा त्या दोघांच्या नात्याचा. नात्याला स्वतःची अडचण असते, स्वतःची वाढ किंवा झीज असते. ती दोघांपैकी कुणा एकाच्या खात्यावर टाकता येत नाही. सिद्धांताची परिभाषा फार किचकट आहे, मला अर्धी अनावश्यक वाटते. हा चौथा धागा मात्र लिहिणाऱ्याच्या खरोखर कामाचा.

कारण त्यामुळे प्रश्न बदलतो. बहिणीला काय हवंय, भाऊ कसा आहे, हे विचारून झालं की ‘या दोघांचं आता कसं आहे?’ हे वेगळं विचारावं लागतं. मुराळी आजही येतो. पूर्वी रात्रीचा मुक्काम करायचा. आता मोटारसायकल दारात चालूच ठेवतो आणि बहीण पिशवी घेऊन बाहेर येते.