मागे घेतलेला दिवाणी दावा पुन्हा सुरू करायचा आहे? आधी शेवटचा आदेश वाचा

तालुक्याच्या दिवाणी न्यायालयात असे अर्ज सतत येतात आणि त्यातले बरेचसे फेटाळले जातात. मामला साधारण एकाच वळणाचा असतो. वावराच्या वाटणीचा, धुऱ्याचा किंवा ताब्याचा दावा चालू होता. गावातल्या चार शहाण्यांनी बसवून समजूत घातली, "भाऊ हिस्सा देतो म्हणतो, तू केस काढून घे." २००७ साली तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाल्यावर अशा समजुतींना आणखी जोर आला. स्टॅम्पपेपरवर लिहून झालं, दावा मागे घेतला, स्टॅम्पपेपर पेटीत गेला. पुढे भाऊ फिरला, आणि काही वर्षांनी वादी विचारत येतो, "जुनी केस परत चालू करता येईल का?"

उत्तर आदेशात काय लिहिलंय यावर आहे, आणि तो आदेश फार कमी लोकांनी वाचलेला असतो.

"केस काढून घेतली" असं सांगणाऱ्याचा दावा पुष्कळदा मागे घेतलेलाच नसतो. तो वादी तारखेला गैरहजर राहिल्याने निकाली निघालेला असतो. त्याची वाट वेगळी: दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ९ नियम ९ खाली ३० दिवसांत पुनर्स्थापनेचा अर्ज, उशीर असेल तर जोडीला विलंब माफीचा अर्ज. तडजोडीचा हुकूमनामा झाला असेल तर त्याविरुद्ध नवा दावा चालत नाही, त्याच न्यायालयात जावं लागतं. लोकअदालतीत मिटलं असेल तर अपीलच नाही. उच्च न्यायालयात रिट, आणि तीही मोजक्याच कारणांवर. चुकीच्या कलमाखाली अर्ज करून वर्ष वाया घालवलेली माणसं कमी नाहीत.

म्हणून पहिलं काम नकला काढण्याचं. शेवटचा आदेश, रोजनामा (तारखांना काय घडलं त्याची न्यायालयाची नोंद), मूळ दावा आणि सगळ्यात महत्त्वाची ती पुरशिस (दावा मागे घेताना न्यायालयात दिलेलं लेखी निवेदन), या चारही कागदांच्या प्रमाणित प्रती घ्या. न्यायालयांच्या ईकोर्ट्स संकेतस्थळावर नावाने किंवा सीएनआर क्रमांकाने (प्रत्येक प्रकरणाचा स्वतंत्र क्रमांक) शोधलं तर दावा कसा निकाली निघाला ते कळतं, पण त्या छापील पानावर अर्ज टिकत नाही. जुनं प्रकरण असेल तर दप्तर अभिलेख कक्षात गेलेलं असतं, आणि ठराविक मुदतीनंतर जुने कागद नष्टही केले जातात. नकलेचा अर्ज आजच द्या. "शोध चालू आहे" हे तोंडी उत्तर ऐकून परत येऊ नका. कागद सापडत नसेल तर तसा लेखी शेरा मागा. पुढे उशिराचं कारण सांगताना तोच शेरा कामी येतो.

पुरशिस म्हणजे बहुधा अर्ध्या पानाचा कागद. "वादीस सदर दावा चालवावयाचा नाही, दावा काढून टाकावा" एवढा मजकूर, खाली सही किंवा अंगठा, बाजूला वकिलाची सही. त्यात "त्याच कारणावर नवा दावा दाखल करण्याच्या परवानगीसह" असे शब्द आहेत का ते बघा, आणि न्यायाधीशांच्या आदेशात ती परवानगी उतरली आहे का तेही बघा. वकिलाने तोंडी "नंतर परत टाकता येईल" म्हटलं असेल, त्याला किंमत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २३ नियम १(४) प्रमाणे परवानगीविना मागे घेतलेल्या दाव्याच्या विषयावर पुन्हा दावा करता येत नाही. वाटणीच्या दाव्यांत मात्र, मिळकत अजून एकत्र असेल तर ही आडकाठी लागत नाही, असं न्यायालयांनी अनेकदा मानलं आहे. त्यामुळे जुनं उकरण्याआधी वकिलाला हे जरूर विचारा.

परवानगी मिळालेली असली तरी निवांत राहू नका. आदेश २३ नियम २ काय म्हणतो हे कोणी सांगतच नाही: नव्या दाव्याची मुदत मोजताना पहिला दावा झालाच नव्हता असं धरायचं. समजा, विक्रीच्या करारावर समोरच्याने जून २०१५ मध्ये नकार दिला, २०१६ ला दावा टाकला, २०१९ ला परवानगीसह मागे घेतला. अशा दाव्याची मुदत तीन वर्षं, म्हणजे ती जून २०१८ मध्येच संपली. परवानगी हातात आणि दावा मुदतबाह्य! पहिला दावा न्यायालयाच्या अधिकारक्षेत्राच्या किंवा तत्सम दोषामुळे अडला असेल तर मुदत कायद्याच्या कलम १४ चा आधार मिळू शकतो, एरवी नाही. आणि विलंब माफीचं कलम ५ अपील आणि अर्जांना लागू आहे, दाव्याला नाही. "उशीर माफ करून नवा दावा घ्यावा" अशी विनंती करणारे कागद अजूनही लिहून दिले जातात, याचा खरंच वैताग येतो.

परवानगी नसेल आणि वाटणीच्या दाव्याची ती सूटही लागत नसेल तर उरते ती एकच वाट. ज्या न्यायालयाने आदेश केला तिथेच, संहितेच्या कलम १५१ (न्यायालयाचे अंगभूत अधिकार) खाली, मागे घेण्याचा आदेश रद्द करून दावा पूर्ववत करण्याचा अर्ज. योग्य प्रकरणात असं करता येतं, हे सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये जेट प्लायवूड प्रकरणात मान्य केलं आहे. पण "तेव्हा मागे घेतला, आता पस्तावा होतो" हे कारण होत नाही. सही माझी नाही, कागद काय आहे ते न सांगता अंगठा घेतला, समोरच्याने खोटं आश्वासन देऊन फसवलं, अशी ठोस बाब हवी. फसवणूक म्हणत असाल तर कोणी, केव्हा, कुठे, काय सांगितलं हे तपशिलाने लिहा. इथे तो पेटीतला स्टॅम्पपेपर बाहेर काढा. तो कच्चा असला तरी समजूत झाली होती हे दाखवायला उपयोगी पडतो.

घराघरात दुर्लक्षित राहणारा मुद्दा सहवाद्यांचा. दावा दोघा भावांनी आणि बहिणीने मिळून केला होता, पुरशिसीवर सही मात्र एकट्या थोरल्याची. आदेश २३ नियम १(५) प्रमाणे इतर वाद्यांच्या संमतीशिवाय एका वादीला दावा मागे घ्यायची परवानगी देता येत नाही. वादींत अज्ञान (अल्पवयीन) मूल असेल तर न्यायालयाची वेगळी परवानगी लागते. पुरशिसीखालच्या सह्या मोजा. कित्येकदा सगळ्यात भक्कम मुद्दा तिथेच असतो.

आता मुदत. अशा अर्जाला सहसा मुदत कायद्याच्या अनुच्छेद १३७ ची तीन वर्षं धरली जातात, आणि लोक ती मनाला येईल तिथून मोजतात. भावाने हिस्सा नाकारला त्या दिवसापासून नाही, अर्जाचा हक्क निर्माण झाला तिथपासून मोजायची. फसवणूक असेल तर त्याच कायद्याच्या कलम १७ प्रमाणे ती कळली, किंवा नीट चौकशी केली असती तर कळली असती, तेव्हापासून. तुमच्या नावावर फेरफार रद्द झाल्याची नोटीस घरी येऊन पडली असेल तर "मला कालच कळलं" चालणार नाही.

उशिराचं शपथपत्र हा बहुतेकांच्या अर्जाचा सगळ्यात लंगडा भाग. "घरची परिस्थिती हलाखीची होती, तब्येत बरी नव्हती" एवढं लिहून सहा वर्षं माफ होत नाहीत. काळ तुकड्यांत मांडा आणि प्रत्येक तुकड्याला कागद जोडा: दवाखान्याचं डिस्चार्ज कार्ड, मृत्यूचा दाखला, नकलेच्या अर्जाची पावती. अधली दोन वर्षं कोरी राहिली तर समोरचा वकील त्यावरच बोट ठेवतो. खोटं आजारपण मात्र लिहू नका, उलटतपासणीत उघडं पडतं.

बाकी कागद नेहमीचे: आजचा सातबारा आणि फेरफार, ओळखपत्र, नवं वकीलपत्र. मधल्या काळात प्रतिवादी वारला असेल तर वारसांची नावं आणि पत्ते. जमीन तिसऱ्याला विकली असेल तर त्यालाही पक्षकार करा. जुन्या वकिलाची नाहरकत मिळत नसेल तर न्यायालयाची परवानगी मागता येते. फी बाकी आहे म्हणून वकिलाला फाइल अडवून ठेवता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्येच सांगितलं आहे.

वकील परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करा. स्त्रिया आणि अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तींना उत्पन्नाची अट नाही. मदत क्रमांक १५१००. कलम १५१ चा अर्ज फेटाळला गेला तर पुढची पायरी उच्च न्यायालय (विदर्भात त्याचं नागपूर खंडपीठ), आणि तिथे पोचायलाही फेटाळणीच्या आदेशाची प्रमाणित प्रत लागते. तिचा अर्ज त्याच दिवशी देऊन टाका.