मनगटावरची नाडी छातीत कशी पोचली

इंदूरला रामबागेत आमच्या ओळखीचे एक काका राहतात. बायपासनंतर गणपतीच्या आरतीला पहिल्यांदा आले, तेव्हा टाळ्या वाजवताना सदऱ्याची बाही वर सरकली आणि डाव्या हातावर मनगटापासून पार कोपराजवळ गेलेला व्रण सगळ्यांना दिसला. शेजारचे गुप्ताजी म्हणाले, "ऑपरेशन दिल का, और टाँके हाथ में?" प्रश्न रास्त होता. त्याचं उत्तर मात्र पन्नास वर्षांचं आहे, आणि मधली काही वर्षं तर ही पद्धत मोडीतच निघाली होती.

बायपास म्हणजे तुंबलेल्या वाहिनीला वळसा घालणारी नवी वाट. ती शरीरातूनच कुठून तरी आणावी लागते. लेनिनग्राडच्या कोलेसोव्ह यांनी 1964 मध्ये छातीच्या आतली मॅमरी धमनी हृदयाच्या वाहिनीला जोडली. 1967 पासून अमेरिकेत क्लीव्हलंडला रेने फावालोरो यांनी पायाची शीर वापरली आणि बायपास जगभर पसरला. शीर लांब असते आणि सहज निघते. पण शिरेला धमनीचा दाब सोसायची सवय नसते. आतून ती हळूहळू जाड होते, आणि दहा वर्षांत अशा जोडण्यांपैकी निम्म्याच्या आसपास बंद पडतात.

मग हाताची धमनी का नको? पॅरिसच्या अलँ कार्पांतिए यांनी 1971 मध्ये ते करून पाहिलं. मनगटाशी अंगठ्याच्या बाजूला जी उडते, वैद्य जिच्यावर तीन बोटं ठेवतात, तीच ही रेडियल धमनी. पंज्याला रक्त पुरवायला करंगळीच्या बाजूची अल्नर धमनीही असते आणि तळहातात दोघी एकमेकींना मिळतात, म्हणून एक काढली तरी बहुतेकांचं अडत नाही. अडेल की नाही हे आधी पाहायला अमेरिकी डॉक्टर अ‍ॅलन यांच्या 1929 च्या युक्तीची सुधारलेली आवृत्ती आहे: मूठ आवळायची, दोन्ही धमन्या दाबायच्या, मूठ उघडून अल्नर सोडायची, आणि पांढरा पडलेला तळवा किती लवकर लाल होतो ते पाहायचं. आता सोनोग्राफीही करतात.

पहिले निकाल मात्र वाईट आले. दोन वर्षांच्या आत एक तृतीयांशाच्या आसपास जोडण्या बंद झालेल्या दिसल्या आणि कार्पांतिए यांनी स्वतःच ही पद्धत सोडायला सांगितलं. माझ्या मते दोष धमनीपेक्षा हाताळणीचा जास्त होता. रेडियलच्या भिंतीत स्नायू भरपूर, त्यामुळे हात लागला की ती आक्रसते. ती सैल करायला तेव्हा आत सळई घालून रुंद करत, आणि त्यात आतलं नाजूक अस्तरच खरवडलं जाई.

पुढची गोष्ट खरी गमतीची आहे. 1989 च्या सुमाराला त्याच जुन्या रुग्णांपैकी काहींच्या तपासणीत, बंद समजून सोडून दिलेली रेडियल पंधरा वर्षांनंतरही वाहती निघाली. क्रिस्तोफ अकार आणि कार्पांतिए यांनी ती पुन्हा हाती घेतली. या वेळी आजूबाजूच्या ऊतींसकट, शक्य तितका कमी स्पर्श करून काढली, सळई बाद केली आणि आकसू नये म्हणून डिल्टियाझेमसारखी औषधं दिली. 1992 मध्ये त्यांनी निकाल छापले.

तरी वाद मिटायला वेळ लागला. 2004 च्या कॅनडातल्या चाचणीत वर्षभरात रेडियलच्या 8.2 टक्के, तर पायाच्या शिरेच्या 13.6 टक्के जोडण्या पूर्ण बंद झाल्या होत्या. 2011 च्या एका अमेरिकी चाचणीत वर्षाअखेर काहीच फरक दिसला नाही. 2018 मध्ये सहा चाचण्यांमधल्या 1,036 रुग्णांची माहिती एकत्र केली, तेव्हा पाच वर्षांत रेडियलवाल्यांना हृदयाचे त्रास कमी झाल्याचं दिसलं. मॅमरीचा मान अजून पहिलाच आहे. रेडियल दुसऱ्या नंबरची. तीही मूळ वाहिनी चांगलीच अरुंद झालेली असेल तरच, कारण जुन्या वाटेने रक्त जोरात येत असलं की नवी वाट आक्रसून बसते.

आता एक वेगळीच ओढाताण आहे. ज्या 1989 मध्ये रेडियल परत आली, त्याच वर्षी माँट्रियलच्या ल्युसियें कांपो यांनी मनगटातून अँजिओग्राफी करून दाखवली. आज ती सर्रास तशीच होते. पण नळी गेलेल्या धमनीचं अस्तर दुखावतं, म्हणून सर्जन ती शक्यतो घेत नाहीत. किडनीच्या रुग्णाला तर डायलिसिसच्या फिस्टुलासाठी, म्हणजे धमनी आणि शीर यांच्या जोडणीसाठी, हाताची धमनी राखून ठेवावी लागते. बहुधा उजवं मनगट अँजिओग्राफीला आणि डावा हात बायपासला, अशी वाटणी होते.

जुन्या रीतीने वैद्य पुरुषाची उजवी आणि बाईची डावी नाडी पाहतात. म्हणजे काकांचं निभावेल, पण अशी बायपास झालेली एखादी काकू नाडी दाखवायला आली तर वैद्यबुवा जरा चाचपडतील. काकांच्या उजव्या मनगटावरची सुईची खूण आता शोधूनही सापडत नाही. डाव्या हाताचा व्रण मात्र ते हौसेने दाखवतात, आणि अंगठा अजून थोडा बधिर आहे हेही सांगतात.