थर्स्टन मूर आणि केव्हिन शील्ड्स: गिटार तीच, गोंगाट वेगळा

सॉनिक यूथ आवडलं म्हटलं की पुढची शिफारस हमखास माय ब्लडी व्हॅलेंटाइनची होते, आणि घोळ तिथेच सुरू होतो. दोन्ही बँड कानठळ्या बसवणारे, दोन्ही काढले ते गिटारवाल्यांनी, आणि दोघांच्याही हातात फेंडर कंपनीची जॅझमास्टर गिटार. १९८८ साली तर 'डेड्रीम नेशन' आणि 'इझन्ट एनीथिंग' हे त्यांचे गाजलेले अल्बम लागोपाठ आले. पण सॉनिक यूथच्या थर्स्टन मूरची करामत गाणं सुरू होण्याआधीच झालेली असते, माय ब्लडी व्हॅलेंटाइनच्या केव्हिन शील्ड्सची मात्र वाजवता वाजवता होते.

मूरने १९८१ मध्ये न्यूयॉर्कला किम गॉर्डन आणि ली रॅनाल्डोसोबत सॉनिक यूथ काढला. मूर आणि रॅनाल्डो संगीतकार ग्लेन ब्रँकाच्या गिटार-ताफ्यात वाजवलेले. हाताशी होत्या स्वस्तातल्या गिटारी, नेहमीच्या ट्यूनिंगमध्ये अगदीच बेकार वाजणाऱ्या. मग तारा भलत्याच स्वरांत लावायच्या, दोन-दोन तारा जवळपास एकाच स्वरावर आणायच्या आणि मध्येच तारांखाली स्क्रूड्रायव्हर किंवा ड्रमची काठी खुपसायची. तारेचे दोन भाग पडतात, छेडलेल्या भागाबरोबर पलीकडचा भागही घुमू लागतो आणि गिटारीतून घंटेसारखा नाद निघतो.

यातली मेख अशी की एकेक गिटार ठरावीक गाण्यांपुरतीच लावून ठेवलेली असायची. जुलै १९९९ मध्ये कॅलिफोर्नियात त्यांचा वाद्यांनी भरलेला ट्रक चोरीला गेला, तेव्हा नुसती वाद्यं गेली नाहीत, काही गाणी वाजवणंच अवघड होऊन बसलं. शील्ड्सची गिटार गेली असती तर त्याने बहुधा दुसरी मागून घेऊन काम भागवलं असतं.

कारण त्याचं गुपित मुठीत आहे. जॅझमास्टरला ट्रेमोलोची एक दांडी असते. ती दाबली की तारा सैल होऊन स्वर खाली घसरतो. बाकीचे गिटारवाले सूर वाजवून झाल्यावर ती हलवतात. शील्ड्स ती मुठीत सैलसर धरून त्याच हाताने तारा छेडत राहतो. त्यामुळे आख्खा कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे स्वर, सतत डुलतो, टेपरेकॉर्डरचा वेग मागेपुढे व्हावा तसा. त्यावर उलटा रिव्हर्ब, म्हणजे विरत जाण्याऐवजी फुगत येणारा प्रतिध्वनी. त्याच्या बँडचा 'लव्हलेस' (१९९१) हा अल्बम ऐकून शेकडो गिटारी एकमेकींवर रचल्या असाव्यात असं वाटतं. पण गिटारचे थर फार नव्हतेच, असं शील्ड्सने मुलाखतींत सांगितलंय. मला तर हीच त्या अल्बमची सगळ्यात मोठी गंमत वाटते.

विभागणी इतकीही काटेकोर नाही म्हणा. वेगळं ट्यूनिंग शील्ड्सही वापरतो.

कारकिर्दीकडे पाहिलं तर मात्र घोळाला जागाच उरत नाही. मूर हा सतत काहीतरी काढत राहणारा माणूस: बँडचे पंधराच्या आसपास अल्बम, शिवाय एकट्याचे, मुक्त जॅझवाल्यांबरोबरचे, स्वतःच्या 'एक्स्टॅटिक पीस' या लेबलवरचे. २०११ मध्ये त्याचा आणि गॉर्डनचा संसार मोडला आणि बँडही थांबला. शील्ड्सने १९८३ मध्ये डब्लिनला ड्रमवादक कॉलम ओ किसोइगबरोबर बँड काढला, पण पूर्ण लांबीचे अल्बम तीनच, आणि दुसऱ्या-तिसऱ्यात तब्बल एकवीस वर्षांहून जास्त अंतर. मधल्या काळात तो प्रायमल स्क्रीम या बँडबरोबर वाजवत होता.

आता नाव न बघता ओळखायचं असेल तर कॉर्डच्या सुरुवातीकडे कान द्या. मूरच्या गिटारीत तारेवर पडलेला आघात स्पष्ट ऐकू येतो आणि मग दोन जवळचे स्वर एकमेकांना घासत राहतात. शील्ड्सच्या गिटारीत ती सुरुवातच सापडत नाही. त्यात त्याच्या बँडची गायिका बिलिंडा बुचरचा आवाज गिटारींच्या मागून कुठूनतरी येतो, शब्द जेमतेम कळतील इतका.